निळी उटकटारी आणि मातीत उतरलेल्या बायका

आज आपण एका काटेरी झाडाचा इतिहास ऐकणार आहोत. झाड परदेशी बागांतलं आहे, पण त्याची चुलत बहीण तुमच्या आमच्या बांधावर उभी असते. तिला आपण उटकटारी म्हणतो, कुणी काटेचुंबक म्हणतं, कुणी उंटकटारा. पाऊस सरला की पडीक रानात आणि रस्त्याच्या कडेला ती दिसायला लागते. पानं काटेरी, आणि फांदीच्या टोकाला सगळीकडून टोकं निघालेला गोल चेंडू. खुरपताना ती हाताला लागली की तोंडातून नाव निघतं ते काही प्रेमाने नाही.

हिचीच युरोपातली बहीण म्हणजे ग्लोब थिसल. दक्षिण आणि पूर्व युरोपापासून पश्चिम आशियापर्यंत ती माळरानावर, खडकाळ उतारांवर आपोआप उगवते. तिचा चेंडू पोलादी निळा असतो, म्हणून बोलण्याच्या सोयीसाठी आपण तिला निळी उटकटारी म्हणू. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनी १७५३ साली या कुळाला एकिनॉप्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ साधारण असा, की अंगाचा काटेरी गोळा करून बसणाऱ्या हेजहॉग नावाच्या छोट्या प्राण्यासारखी दिसणारी. बहिणीबहिणींचं नातं ओळखू यावं म्हणून आपल्या उटकटारीच्या शास्त्रीय नावातही पहिला शब्द एकिनॉप्स हाच आहे.

हा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे. त्यात कितीतरी बारीक फुलं दाटीने बसलेली असतात आणि प्रत्येकाला स्वतःचं वेगळं काटेरी वेष्टन असतं. फुलायला सुरुवात चेंडूच्या माथ्यावरून होते आणि ती खाली खाली उतरत जाते. त्यामुळे एकच चेंडू बरेच दिवस मधमाश्यांना पुरतो. म्हणूनच मधमाश्या पाळणारे लोक या झाडावर खूश असतात.

इंग्लंडमध्ये ही निळी उटकटारी चारशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. जॉन जेरार्ड यांनी १५९७ साली छापलेल्या वनस्पतींच्या मोठ्या ग्रंथात तिला जागा दिली होती. पण माहीत असणं वेगळं आणि घराच्या दारात मान मिळणं वेगळं. तो मान तिला मिळाला तो फार पुढे, आणि तो मिळवून देण्यात बायकांचा हात मोठा होता. आजची गोष्ट त्या हातांची आहे.

आधी त्या काळच्या बागेत बाईची जागा कुठे होती ते बघू. हेन्री आठवा हा राजा सोळाव्या शतकातला. त्याच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या हिशेबात तण काढणाऱ्या बायकांची मजुरी लिहिलेली सापडते, दिवसाला दोन-तीन पेन्स. म्हणजे वाकून खुरपणाऱ्या बायका तेव्हापासून होत्याच. त्यानंतरच्या तीनशे वर्षांत मोठमोठ्या बागा झाल्या, पण बाईला तिथे दोनच जागा होत्या. गरीब असेल तर खुरपं आणि श्रीमंत असेल तर फुलदाणी. मधलं सगळं काम, म्हणजे काय लावायचं, कुठे लावायचं, रोप कसं वाढवायचं, हे मुख्य माळ्याच्या हातात. मुख्य माळी हा पुरुषच. त्याच्या हाताखाली शिकणारी पोरंही पुरुषच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रजी बागांत एक वेगळीच तऱ्हा चालू होती. कोळसा जाळून गरम ठेवलेल्या काचघरांत हजारो नाजूक रोपं वाढवायची, उन्हाळ्यात ती बाहेर गालिच्यासारखी लावायची, आणि थंडी आली की उपटून टाकायची. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. ज्याच्याकडे पैसा जास्त, त्याचा गालिचा मोठा. या तऱ्हेला कंटाळलेले लोकही होते. चेशायरमधल्या आर्ली हॉल इथे रोलंड आणि मेरी एगर्टन-वॉरबर्टन या नवराबायकोने १८४०च्या दशकात दोन लांबलचक पट्टे आखले. एकामागे विटांची भिंत, दुसऱ्यामागे कापून घडवलेलं हिरवं कुंपण, मध्ये गवताची वाट. त्या पट्ट्यांत वर्षानुवर्षं त्याच मुळांवरून फुटणारी फुलझाडं लावली. १८४६च्या नकाशात हे पट्टे दिसतात आणि ते आजही आहेत. अशा कडेच्या लांब वाफ्याला तिकडे बॉर्डर म्हणतात. थंडीत तिथलं सगळं वाळून जमिनीला टेकतं. पण मुळं जिवंत असतात आणि वसंतात तीच झाडं पुन्हा वर येतात.

निळ्या उटकटारीला हवं होतं ते घर हेच. १८८३ साली विल्यम रॉबिन्सन यांनी इंग्रजी फुलबागेवर मोठं पुस्तक लिहिलं आणि काचघरी गालिच्यांवर टीकेची झोड उठवली. कणखर, बहुवर्षायू, आपल्या पायावर उभी राहणारी झाडं लावा, हे त्यांचं सांगणं होतं. पण कडेचा वाफा नुसता भरायचा नाही तर रंगांनी कसा मांडायचा, हे शिकवलं ते एका बाईने. त्यांचं नाव गर्ट्रूड जेकिल.

जेकिलबाईंचा जन्म १८४३चा. १८६१ साली त्या लंडनच्या चित्रकलेच्या शाळेत दाखल झाल्या. त्या चित्रं काढत, भरतकाम करत, लाकडावर आणि चांदीवर कारागिरी करत. पण त्यांची नजर लहानपणापासून अधू होती आणि ती वाढत्या वयाबरोबर आणखी बिघडत गेली. १८९१ साली डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की बारीक काम आता सोडा. सुई आणि कुंचला सुटला. मग त्यांनी आपली सगळी कला मातीत उतरवली. सरे परगण्यात मन्स्टेड वूड नावाच्या त्यांच्या घराजवळ त्यांनी जो मुख्य वाफा केला तो २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. दोन्ही टोकांना राखाडी पानं आणि निळे, फिके, थंड रंग. तिथून मध्याकडे जाताना पिवळा, मग केशरी, आणि ऐन मध्यावर भडक लाल. मग पुन्हा उतरत उतरत थंड रंगांकडे. आपल्याकडे पैठणीच्या पदराची मांडणी बघताना नजर जशी फिरते, तशी या वाफ्यावरून नजर चालत जाते.

निळ्या उटकटारीचं काम या मांडणीत लक्षात येतं. तिचं पान वरून हिरवं आणि खालून पांढुरकं, फूल निळं, उंची कमरेपासून छातीपर्यंत. भोवतीच्या पसरट, झुबकेदार फुलांमध्ये तिचा गोल चेंडू उठून दिसतो. उन्हाळ्याच्या शेवटी बाकीची फुलं मलूल होतात तेव्हा ती ऐन भरात असते. जेकिलबाईंनी राखाडी पानांच्या आणि निळ्या-जांभळ्या फुलांच्या बागेत तिला मानाने बसवलं. १९०८ साली त्यांनी फुलबागेतल्या रंगांवर पुस्तक लिहिलं, ते अजून वाचलं जातं. दिल्लीचं राष्ट्रपती भवन ज्यांनी उभारलं ते एडविन लुट्येन्स हे त्यांचे तरुण सहकारी. घर लुट्येन्स यांचं आणि बाग जेकिलबाईंची, अशा कितीतरी जागा दोघांनी मिळून केल्या.

पण आम्हाला जेकिलबाईंबद्दल जी गोष्ट सर्वात आवडली ती त्यांच्या बुटांची. १९२० साली विल्यम निकल्सन हे चित्रकार त्यांचं चित्र काढायला आले. दिवसा त्या कामात, बसायला सवड नाही. म्हणून चित्रकाराने तोवर त्यांचे बागेत घालायचे जुने, झिजलेले, जाड बूट रंगवले. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. श्रीमंत घरातल्या बाईचे मातीने माखलेले बूट संग्रहालयात जातात, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

आता त्या झाडाची लागवड कशी करतात ते सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचा अर्थ त्यातच आहे.

निळी उटकटारी बियांवरून येते. पण बागेत दोन-तीन जातींची उटकटारी असली की मधमाशी या फुलावरून त्या फुलावर जाते आणि बी मिश्र होतं. लेक जशी आईची आणि बापाची दोघांची असते, तसंच. गडद निळ्या, निवडलेल्या झाडाचं बी पेरलं तर फिका निळा येईल, राखाडी येईल, बुटकं येईल, काय येईल सांगता येत नाही. मूळ झाडाचा रंग जसाच्या तसा हवा असेल तर झाडाचाच तुकडा लावावा लागतो.

दुसरी अडचण अशी, की हिचं सोटमूळ खोल जातं. मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर ते रुसतं. गड्डा फोडूनही लावता येतो, पण एका गड्ड्यातून दोन-चारच रोपं मिळतात. म्हणून मुळाच्या तुकड्यांची रीत.

ती अशी. थंडीत, झाड झोपलेलं असताना, एका बाजूने माती उकरायची. झाडाने वर्षभराचं अन्न तेव्हा मुळात साठवलेलं असतं. पेन्सिलीएवढी जाड मुळं दोन-तीनच कापून घ्यायची आणि झाडाची माती पुन्हा दाबून टाकायची, म्हणजे मूळ झाडही जगतं. मग त्या मुळाचे दोन-तीन इंचांचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याचं वरचं टोक सरळ कापायचं आणि खालचं तिरकं. असं का? कारण एकदा तुकडे हातात मिसळले की वर कुठलं आणि खाली कुठलं हे कुणालाच ओळखू येत नाही, आणि उलटा लावलेला तुकडा बहुधा वाया जातो. भरपूर जाड वाळू मिसळलेल्या मातीत तिरकं टोक खाली घालून तुकडे उभे रोवायचे. सरळ टोक मातीच्या पातळीला आलं पाहिजे. वर वाळूचा पातळ थर. पाणी बेताचं, नाहीतर मूळ कुजतं. कुंडी दवापासून वाचेल अशा आडोशाला ठेवायची आणि वाट बघायची. वसंतात आधी पानं फुटतात. ती बघून घाई करायची नाही, कारण बऱ्याचदा पान वर आलेलं असतं आणि नवीन मुळं अजून धरलेली नसतात. मुळं धरली की मगच वेगळ्या कुंडीत.

ही रीत आपल्याला नवी वाटायला नको. कढीपत्त्याच्या मुळाला खुरप्याचा धक्का लागला की बाजूला पिल्लू फुटतं, ते काढून आपण शेजारणीला देतो. केळीचा मुनवा, हळदीचा गड्डा, त्याच जातीची गोष्ट. बी वाऱ्यावर जातं, पण मुळाचा तुकडा हाताने हातात द्यावा लागतो. देणाऱ्याने घेणाऱ्याला टोक कसं कापायचं ते दाखवावं लागतं. हे शिक्षण पुस्तकातून अर्धंच मिळतं. माळ्याच्या शेजारी उकिडवं बसूनच ते येतं. आणि तिथे बसायला मुलींना परवानगी नव्हती.

ती परवानगी कशी मिळाली तो आता पुढचा भाग. केंट परगण्यात स्वॅनली इथे १८८९ साली बागकामाचं महाविद्यालय निघालं, मुलग्यांसाठी. १८९१ साली तिथे मुली आल्या, आणि विसावं शतक उजाडता उजाडता ते मुलींचंच महाविद्यालय झालं. तिथे शिकलेल्या दोघी, ॲनी गल्विन आणि ॲलिस हचिंग्ज, १८९६ साली लंडनच्या प्रसिद्ध क्यू उद्यानात माळी म्हणून रुजू झाल्या. बाईने माळीकाम करायचं तर घोळदार झगा चालणार नाही, म्हणून त्यांना पुरुषांसारखा गुडघ्यापर्यंतचा विजारीचा पोशाख दिला. झालं! लंडनच्या वर्तमानपत्रांना विषय मिळाला, टिंगलीच्या कविता छापून आल्या, आणि या बायका बघायला लोक येऊ लागले. त्या काय लावतात हे कुणी विचारलं नाही, काय घालतात हे सगळ्यांनी विचारलं. हे दुखणं आपल्या ओळखीचं आहे.

पुढल्याच वर्षी, १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून बागकामातल्या साठ थोर व्यक्तींना मानाचं पदक दिलं गेलं. साठांत बायका किती? दोन. एक जेकिलबाई आणि दुसऱ्या एलन विल्मट. विल्मटबाई समारंभाला गेल्याच नाहीत. त्या फार श्रीमंत होत्या. एसेक्समधल्या त्यांच्या बागेत शंभरावर माळी होते, आणि गंमत म्हणा की दुःख म्हणा, ते सगळे पुरुष. स्वतः बाई असून त्यांनी बायकांना कामावर घेतलं नाही. बागेपायी सारी संपत्ती गेली, १९३४ साली त्या वारल्या तेव्हा कर्ज शिल्लक होतं. निळ्या उटकटारीसारख्याच दिसणाऱ्या एका चंदेरी काटेरी झाडाला लोक अजून ‘मिस विल्मटचं भूत’ म्हणतात. त्या जिथे जात तिथे गुपचूप त्याचं बी टाकत, अशी आख्यायिका आहे.

मग पहिलं महायुद्ध आलं. माळी सैन्यात गेले, आणि ज्या दारांतून बायकांना आत घेत नव्हते ती दारं उघडली. युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि बायकांना पुष्कळ ठिकाणी घरी पाठवण्यात आलं. गरज होती तोवर काम, गरज सरली की घर. ज्यांना परत जायचं नव्हतं त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्यातली एक काढली बिअट्रिक्स हॅव्हरगल यांनी. मैत्रीण ॲव्हिस सँडर्स यांच्या साथीने त्यांनी १९३२ साली ऑक्सफर्डजवळ वॉटरपेरी इथे आपली शाळा आणली. शाळा फक्त मुलींची. खणणं, खत ओढणं, फळझाडं छाटणं, कलमं बांधणं, मुळाचे तुकडे लावणं, आणि तयार भाजी बाजारात नेऊन विकणं, सगळं मुलींनीच करायचं. दुसऱ्या महायुद्धात शेतीकामाला निघालेल्या बायकांनाही तिथेच शिकवलं गेलं. तिथला कडेचा लांब वाफा मुलींना झाडं ओळखायला शिकवण्यासाठी होता. शाळा १९७१ साली बंद झाली, वाफा आजही फुलतो.

याच शाळेत शिकलेल्या दोघी मैत्रिणी, पामेला श्वर्ट आणि सिबिल क्रॉयट्झबर्गर. १९५९ साली लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी त्यांना आपल्या सिसिंगहर्स्टच्या बागेत मुख्य माळी म्हणून नेमलं, दोघींना मिळून एक पद. व्हिटाबाई तीन वर्षांत वारल्या. पुढे बाग सार्वजनिक न्यासाकडे गेली, पण या दोघी तीस वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिल्या. जगभरातून लोक ‘व्हिटाची बाग’ बघायला येत. ती बाग दरवर्षी नव्याने उभी राहत होती ती या दोघींच्या हातांनी. हॅम्प्टन कोर्टातल्या खुरपणाऱ्या बायकांपासून मुख्य माळ्याच्या खुर्चीपर्यंत यायला बाईला चारशे वर्षं लागली.

आता रोपवाटिकांच्या याद्यांत निळ्या उटकटारीची नावं बघा. ‘व्हीच्स ब्लू’ हे व्हीच या रोपवाटिकावाल्या घराण्याचं नाव. ‘टॅप्लो ब्लू’ हे टेम्स नदीकाठच्या गावाचं नाव. मालकाचं नाव राहतं, गावाचं राहतं. हिवाळ्यात गारठलेल्या बोटांनी ज्यांनी त्या मुळांचे हजारो तुकडे केले, टोकं सरळ आणि तिरकी कापली, त्यांची नावं कुठल्याही यादीत नाहीत. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? बी निवडायला, रोप लावायला, खुरपायला, वेचायला बाई. सातबाऱ्यावर नाव शोधायला गेलं तर बहुतेक घरांत पुरुषाचं.

शेवटी दोन कामाच्या गोष्टी. निळ्या उटकटारीला पाण्याचा निचरा होणारी, हलकी, गरीब जमीन आणि भरपूर ऊन लागतं. खत जास्त झालं की ती उंच वाढून लोळते. कोरड्याला ती भीत नाही, पण तिची सवय थंड हिवाळ्याची. त्यामुळे आपल्या उष्ण भागात तिच्या मागे लागण्यापेक्षा आपली उटकटारीच ओळखून घ्यावी. ती बियांवर येते, पडीक जागेत येते, आणि तिच्याही चेंडूवर मधमाश्या बसतात. पिकातली जरूर काढा, पण बांधाच्या कोपऱ्यात चार झाडं राहू द्या. जुन्या सुईणी तिचं मूळ बाळंतपणात वापरत असं सांगतात. तो इतिहास म्हणून लक्षात ठेवा, औषध म्हणून घरी करू नका. बाळंतपण दवाखान्यातच.

आणि एक विनंती. तुमच्या दारातला मोगरा, कढीपत्ता, अळू, गवती चहा कुणीतरी तुम्हाला दिलेला आहे. आत्याने, मावशीने, शेजारच्या काकूंनी. एका वहीत झाडाचं नाव लिहा आणि त्यापुढे ते देणारीचं नाव आणि तिचं गाव लिहा. वही भरली की आमच्याकडे आणा. पुढच्या महिन्यापासून दर शुक्रवारी आपण ती नावं रेडिओवर वाचून दाखवू.